मुहूर्त, बाजार आणि दुर्बीण



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांचे नाव पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहेच. मी मात्र त्यांचा उल्लेख नुसता ‘सर’ असाच करणार आहे, कारण निपाणीत आम्ही त्यांना दुसऱ्या नावाने कधी ओळखले नाही. सर विज्ञान शिकवीत. मी पुढे इतिहासाचा शिक्षक झालो. सरांचा विषय सोडून मी इतिहासाकडे वळलो याचे त्यांना वाईट वाटले असेल, पण त्यांनी ते कधी बोलून दाखविले नाही. आज त्यांचा विषय आणि माझा विषय एकत्र आणण्याचा हा माझा अल्पसा प्रयत्न आहे.

विषय सुचला तो २०२५ च्या दिवाळीत. आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या गटात एका सायंकाळी एक जाहिरात आली. आकाशदर्शनाच्या दुर्बिणीवर दिवाळीची भरघोस सूट, आणि ती त्या रात्री बारापर्यंतच. खाली उलटे धावणारे घड्याळ. शाळेसाठी दुर्बीण घ्यावी असे कोणीतरी सुचविले आणि तासाभरात वर्गणीचे आकडे जमू लागले. त्या गटात ‘विचार कसला करता, घेऊन टाकू’ असे लिहिणारा पहिला माणूस मी होतो, हे मी आपल्यापासून लपवू इच्छीत नाही. रात्री बारा वाजण्यापूर्वी पैसे भरणे काही कारणाने जमले नाही आणि ती सूट हुकली. दुसऱ्या दिवशी गटात हळहळ व्यक्त झाली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटात एक दुर्बीण आधीच पडून आहे, आणि ती मीच दिलेली आहे, याची मला आठवण झाली होती. तिची हकिगत मी पुढे सांगणार आहे. तत्पूर्वी थोडा इतिहास.

बाजाराचे हंगाम कोणी ठरविले?

खरेदीची झुंबड ही अलीकडची गोष्ट आहे, असे आपण मानतो. ते अर्धेच खरे आहे. आपल्याकडे बाजाराला हंगाम पूर्वापार आहेत. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि बलिप्रतिपदेचा अर्धा, असे साडेतीन मुहूर्त. या दिवशी सोने, वाहन, भांडे घरी आणावे ही रूढी. उलटपक्षी आषाढात मंगल कार्ये नाहीत, म्हणून कर्नाटकात आणि तेलंगणात कापडाचे व्यापारी त्याच महिन्यात किमती उतरवून ‘आषाढ सेल’ लावतात. आपल्या सीमाभागात दोन्ही रीती नांदतात. मुहूर्ताचा बाजार आणि बिनमुहूर्ताचा बाजार, दोन्ही आपल्याला ठाऊक आहेत.

हे मुहूर्त काढतो कोण? पंचांग. आणि पंचांग म्हणजे सूर्यचंद्रांच्या गतीचे गणित. याचा अर्थ असा की, आमच्या बाजाराचे वेळापत्रक शतकानुशतके आकाशाने ठरविले आहे. ते गणित दुरुस्त करण्यासाठी आयुष्य वेचणारा एक शिक्षक आपल्याच मुलखात होऊन गेला. व्यंकटेश बापूजी केतकर हे ते गृहस्थ. १८५४ साली नरगुंदात त्यांचा जन्म झाला आणि बागलकोटला त्यांनी शिक्षकी केली. जुन्या सारण्यांवरून काढलेली ग्रहस्थाने प्रत्यक्ष आकाशाशी जुळेनाशी झाली होती. ती जुळावीत म्हणून त्यांनी ‘ज्योतिर्गणितम्’ हा ग्रंथ रचला. १९११ साली फ्रान्समधील ज्योतिर्विद संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत असा अंदाज प्रसिद्ध केला. त्यांपैकी एकाचे सूर्यापासूनचे अंतर त्यांनी पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे ३९ पट आणि प्रदक्षिणेचा काळ सुमारे २४२ वर्षे मांडला होता. १९३० साली, केतकरांच्या मृत्यूच्या काही महिने आधी, प्लूटो सापडला. त्याचे अंतर जवळपास तेवढेच आणि काळ सुमारे २४८ वर्षे निघाला. हा मेळ योगायोगाचा होता असेच आजचे ज्ञान सांगते, आणि इतिहासाच्या शिक्षकाने तेही सांगितले पाहिजे. तथापि बागलकोटसारख्या गावातल्या एका शिक्षकाने लेखणी आणि कागद घेऊन सूर्यमालेच्या कडेपर्यंत विचार नेला, एवढे तर निर्विवाद आहे. त्यांचे कार्य उपकरणावर उभे नव्हते, गणितावर उभे होते.

आणखी एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. वर्षातली आमची सर्वांत मोठी खरेदी दिवाळीची, आणि लक्ष्मीपूजन अमावस्येचे. सूर्यग्रहण तर अमावस्येलाच संभवते. त्यामुळे दिवाळी आणि ग्रहण अधूनमधून गाठ घेतात. १९९५ साली लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, २४ ऑक्टोबरला, सूर्यग्रहण झाले. २०२२ साली २५ ऑक्टोबरलाही तसेच घडले आणि पाडवा एक दिवस पुढे गेला. त्याबरोबर पाडव्याची खरेदीही पुढे गेली. आकाशाचा बाजारावरचा जुना अधिकार त्या दिवशी पुन्हा दिसला.

जत्रेत आलेली दुर्बीण

आता दुर्बिणीकडे वळू. आपली अशी समजूत असते की, दुर्बीण प्रथम वेधशाळेत आली आणि मागाहून दुकानात. इतिहास वेगळे सांगतो. १६०८ च्या ऑक्टोबरात हॉलंडमधील हान्स लिपरशे या चष्मेवाल्याने दुर्बिणीच्या हक्कासाठी सरकारकडे अर्ज केला. तो मान्य झाला नाही, कारण ही युक्ती इतरांनाही ठाऊक झाली होती. त्याच शरद ऋतूत जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या मोठ्या जत्रेत एक दुर्बीण विक्रीस आली होती. ही हकिगत सायमन मारियस या ज्योतिर्विदाने १६१४ च्या आपल्या ग्रंथात नोंदविली आहे. त्याच्या आश्रयदात्या सरदाराने ती दुर्बीण हातात घेऊन पाहिली. तिच्या एका भिंगाला तडा गेला होता, आणि विक्रेता किंमत मात्र फार सांगत होता. सौदा फिसकटला. १६०९ च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या एका पुलावरील चष्म्यांच्या दुकानांत अशा नळ्या विकायला ठेवल्या होत्या, अशी नोंद तेथील एका रोजनिशीत सापडते. गॅलिलिओने आपली दुर्बीण आकाशाकडे वळवून गुरूचे चंद्र पाहिले ते १६१० च्या जानेवारीत.

म्हणजे दुर्बीण बाजारात आधी आली आणि विज्ञानात नंतर. हंगामी जत्रा, तडा गेलेले भिंग आणि चढी किंमत हे सारे तिच्या जन्मापासून तिच्याबरोबर आहे. नळ्या पुष्कळांनी विकत घेतल्या असतील. गॅलिलिओने स्वतः भिंगे घासून ती सुधारली आणि रात्रीमागून रात्री जे दिसले ते टिपून ठेवले. फरक तेथे पडला.

दीडशे वर्षांनंतर इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल या संगीतशिक्षकाला तयार परावर्तक दुर्बिणीची किंमत परवडेना, म्हणून तो घरीच आरसे घासू लागला. त्याच हातच्या दुर्बिणीतून १७८१ साली त्याला युरेनस सापडला. या हर्शेलचा नातू आपल्या भागात येऊन गेला, म्हणून मी हे नाव घेतले.

जमखंडी आणि विजयदुर्ग

निपाणीच्या पूर्वेला जमखंडी आणि पश्चिमेला, सह्याद्रीपलीकडे, विजयदुर्ग. तिन्ही ठिकाणे जवळपास एकाच अक्षांशावर, आणि आपण मधोमध. या दोन्ही ठिकाणी जगाचे लक्ष लागलेली ग्रहणे पाहिली गेली.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीस आले. ते विल्यमचे नातू आणि भारतातील सर्वेक्षण खात्यातील अधिकारी. जमखंडी हे तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होते. लंडनच्या रॉयल सोसायटीने पाठविलेला वर्णपटदर्शक त्यांच्यापाशी होता. महिना ऑगस्टचा, आकाश ढगाळ. उत्तम उपकरण, उत्तम जागा, वर्षभराची तयारी, आणि वर ढग! खग्रास स्थितीच्या मोजक्या मिनिटांत ढग मधूनमधून विरळ झाले, आणि तेवढ्या फटीतून सूर्याच्या कडेवरील ज्वालेच्या वर्णपटात त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या. त्या ज्वाला तप्त वायूच्या आहेत, हे त्या दिवशी निरनिराळ्या ठिकाणांच्या निरीक्षणांतून सिद्ध झाले.

२२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला नॉर्मन लॉकियर विजयदुर्गच्या किल्ल्यात उतरले. त्यांनी उपकरणांसाठी बांधलेले चौथरे ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून आजही दाखवितात. हेलियम वायूचा शोध याच किल्ल्यात १८६८ साली लागला, असे अनेकदा सांगितले व छापले जाते. ते बरोबर नाही. लॉकियर १८६८ साली भारतात नव्हते. सौर वर्णपटातील ती पिवळी रेषा त्यांनी त्या वर्षी इंग्लंडमधून, ग्रहणाविना पाहिली. ते विजयदुर्गास आले त्यानंतर तीस वर्षांनी. आपल्या भागाचे मोठेपण खोट्या तारखेवर उभे करण्याची गरज नाही. मोठेपणा आहे तो वेगळ्याच गोष्टीत. लॉकियरांना ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरील खलाशांचे साहाय्य होते. या खलाशांना ज्योतिषाचे ज्ञान नव्हते. ग्रहणाच्या आधी कित्येक दिवस त्यांच्याकडून कवाईत करून घेण्यात आली: कोणी कोणत्या क्षणी कोणते झाकण काढायचे, कोणी सेकंद मोजायचे, कोणी चित्र काढायचे. अवघ्या दोन मिनिटांच्या खग्रास स्थितीसाठी एवढी तालीम.

त्याच ग्रहणाला सोलापूरकडील जेऊर येथे पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला आपली उपकरणे घेऊन गेले होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत त्यांच्याकडे २० इंची परावर्तक दुर्बीण होती. त्या काळातील ती भारतातली सर्वांत मोठी. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. दुर्बीण तीच होती, पण तिच्यामागचा माणूस उठला आणि पुण्याची वेधशाळा संपली. माझ्या सबंध व्याख्यानाचा आशय या एका घटनेत आहे.

बेळगावचे सायकलचे दुकान

खरेदी आणि शिक्षण यांची सांगड बाजाराला घालताच येत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. त्याचे उत्तम उदाहरण आपल्या बेळगावातच आहे. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तेथे सायकलचे दुकान काढले. स्वतः लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकवीत. तेथून ते सायकली पाठवीत आणि बेळगावात त्यांचे बंधू रामुअण्णा त्या विकत. सायकल तेव्हा परदेशातून येणारी, सामान्यांच्या आवाक्याबाहेरची वस्तू होती, आणि ती कशी चालवावी हे गावात कोणास ठाऊक नव्हते. म्हणून दुकानातून सायकल विकली जाई, दुरुस्त केली जाई आणि चालवायलाही शिकविली जाई. पुढे लोखंडी नांगर काढल्यावर त्यांना हाच अनुभव आला. लोखंडाने जमीन विषारी होईल अशी शेतकऱ्यांची धास्ती होती. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. त्या काळात त्यांनी सूट जाहीर करून गर्दी जमविली नाही. शेतकऱ्याला नांगर कळेपर्यंत धीर धरला. बेळगावातला किर्लोस्कर रस्ता आजही गजबजलेला आहे. दिवाळीत तेथून चालताना मला हे दुकान आठवते.

भावाचे मोल निपाणीकराला वेगळे सांगायला नको. आमचे गाव तंबाखूवर जगले. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या रास्त भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग तीन आठवड्यांहून अधिक काळ रोखून धरला. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे प्राण गेले. मी त्या वर्षी दहावीत होतो. बोलला जाणारा भाव आणि वस्तूचे खरे मोल यांत किती अंतर असू शकते, हे ज्या गावाने एवढी किंमत देऊन शिकले, त्या गावाचा मी मुलगा; आणि २०२५ साली उलटे धावणारे घड्याळ पाहून मी भुललो!

सरांची दोन आकाशे

आता माझी हकिगत. १६ फेब्रुवारी १९८० रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. खग्रासाचा पट्टा अंकोला, हुबळी, रायचूर असा गेला. निपाणी त्याच्या उत्तरेला राहिली, तरी सूर्याचा बहुतेक भाग झाकला जाणार होता. दुपारी बाजारपेठेत फळ्या लागल्या, रस्ते ओस पडले, घरोघर दारे-खिडक्या बंद झाल्या. सरांनी कोणाशी वाद घातला नाही. ‘ज्यांना घरून परवानगी आहे त्यांनी यावे,’ एवढेच सांगितले. आम्ही अकरा जण आलो. सरांनी एका पुठ्ठ्याला टाचणीने छिद्र पाडले आणि त्यातून पडणारी सूर्याची प्रतिमा दुसऱ्या कागदावर दाखविली. मग आम्हाला अंगणातल्या कडुनिंबाखाली नेले. पानांच्या फटींतून जमिनीवर पडणारे एरवीचे गोल कवडसे त्या दुपारी शेकडो चंद्रकोरींसारखे दिसत होते. त्या दिवशी एक पैसाही खर्च झाला नाही. आम्हा अकरा जणांपैकी कोणीही ते दृश्य विसरलेले नाही.

पंधरा वर्षांनी, १९९५ च्या ग्रहणाला, चित्र पालटले होते. चंदेरी फिल्मचे चष्मे देशभर विकले गेले, मुले गच्चीवर चढली. भीती ओसरली, ही निःसंशय चांगली गोष्ट झाली. सुरक्षित चष्म्याने डोळे वाचले. पण ग्रहणानंतर ते चष्मे खणात गेले आणि पुन्हा कोणी वर पाहिले नाही, हेही मी शिक्षक या नात्याने पाहिले. १९८० साली ग्रहण आले म्हणून बाजार बंद झाला, १९९५ साली ग्रहण आले म्हणून बाजार उघडला. आकाशाशी आमची ओळख मात्र दोन्ही वेळी त्या एका दिवसापुरतीच राहिली.

या दोहोंच्या मध्ये १९८६ चा हॅलेचा धूमकेतू आला. त्याच्या मागच्या भेटीत, १९१० साली, पृथ्वी त्याच्या शेपटीतून जाणार म्हणून पाश्चात्त्य देशांत घबराट उडाली होती आणि अमेरिकेत धूमकेतूपासून रक्षण करणाऱ्या गोळ्या विकल्या गेल्या होत्या. १९८५ साली कोणी गोळ्या विकल्या नाहीत; दुर्बिणी विकल्या. मी तेव्हा बेळगावात महाविद्यालयात शिकत होतो. दिवाळीच्या सुटीत एका मोठ्या शहरात गेलो असता एका दुकानात ‘हॅले विशेष सवलत’ असा फलक पाहिला. खोक्यावर लिहिले होते, ५२५ पट मोठे दिसेल. माझ्याजवळ पुरेसे पैसे नव्हते. मावसभावाकडून उसने घेतले आणि दुर्बीण विकत घेतली. ‘घेता दिवाळी, देता शिमगा’ ही म्हण मला तोवर नुसती पाठ होती. पुढच्या शिमग्याला मावसभावाने पैसे मागितले तेव्हा ती कळली.

ते ५२५ पट कसे, हे सरांनी मला पाटीवर मांडून दाखविले. वस्तुभिंगाचे नाभीय अंतर ७०० मिलिमीटर, नेत्रिकेचे ४, भागाकार १७५. वर तिप्पट करणारे एक जोडभिंग, झाले ५२५. गणित खोटे नव्हते. पण भिंगाचा व्यास ६० मिलिमीटर, आणि दर मिलिमीटरला सुमारे दुप्पट एवढेच विशालन उपयोगी पडते. म्हणजे मर्यादा १२० च्या आसपास. त्यापुढे चित्र मोठे होते, पण पुसट आणि अंधारे. त्यात तिपाई इतकी लटपटीत, की श्वास सोडला तरी तारा नाचे. मला त्या दुर्बिणीतून धूमकेतू कधीच दिसला नाही. तो मला सरांनीच दाखविला. १९८६ च्या एप्रिलमधील अमावस्येच्या सुमारास, गावाबाहेरच्या माळावर, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांच्या बायनॉक्युलरमधून, दक्षिणेच्या क्षितिजावर. कापसाचा विस्कटलेला बोळा असावा तसा. छायाचित्रातली शेपटी नाही, झगमगाट नाही. मी थोडा हिरमुसलो. सर म्हणाले, ‘अरे, शहात्तर वर्षांनी आलाय. जरा थांबून बघ की.’ मी थांबून पाहिले, आणि हळूहळू तो बोळा थोडा लांबट दिसू लागला.

माझ्या दुर्बिणीकडे पाहून सर एवढेच म्हणाले, ‘आधी हिचे पाय घट्ट कर.’ त्यांनी वखारीतल्या बारदानाची पिशवी मागविली, तीत दगड भरले आणि ती तिपाईच्या मध्यभागी टांगली. सर्वांत कमी विशालनाची नेत्रिका लावली. त्या रात्री नव्हे, पुढच्या शुक्ल पक्षात, त्याच दुर्बिणीतून चंद्रावरची विवरे अशी स्पष्ट दिसली की मी पुन:पुन्हा पाहत राहिलो.

नोकरी लागल्यावर मी ती दुर्बीण समारंभपूर्वक शाळेला भेट दिली. हार घातला गेला, छायाचित्र निघाले. दगडांची पिशवी मात्र मी दिली नाही. ती द्यायची असते हे माझ्या लक्षातच आले नाही. सर पुढे निवृत्त झाले. दुर्बीण कपाटात गेली आणि आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत तिच्या भिंगावर बुरशीचे जाळे धरले. यात शाळेला दोष देण्याचा माझा हेतू नाही. वस्तू देऊन मी मोकळा झालो होतो; दोष माझ्या दातृत्वाच्या घाईचा आहे.

घाईचा व्यापार

आजच्या सेलविषयी दोन शब्द सांगतो. ही रीत केवळ आपली नाही. अमेरिकेत नोव्हेंबरातील आभारदिनानंतरच्या शुक्रवारी, चीनमध्ये ११ नोव्हेंबरला अशीच झुंबड उडते. आपल्याकडे ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टने एका दिवसाची महाविक्री केली, तेव्हा गर्दीचा भार संगणकयंत्रणेला सोसला नाही आणि कंपनीला ग्राहकांची जाहीर क्षमा मागावी लागली. २०२५ साली नवरात्राच्या पहिल्या दिवशी, २२ सप्टेंबरला, वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले आणि अनेक वस्तू स्वस्त झाल्या. त्या वर्षी करानेही मुहूर्त साधला, असे म्हणावयास हरकत नाही.

या सर्वांकडे नाके मुरडणे सोपे आहे, आणि माझ्या पिढीला ते आवडते. मी तसे करणार नाही. पूर्वी दुर्बीण घ्यायची तर मुंबई-पुणे गाठावे लागे. आज निपाणीतील मुलीला ती घरपोच मिळते, आणि सुटीमुळे तिच्या वडिलांना ती परवडतेही. हे लोकशाहीकरण आहे. माझी तक्रार स्वस्ताईविषयी नाही, घाईविषयी आहे. ‘आज रात्री बारापर्यंत’ या शब्दांत ग्राहकाला प्रश्न विचारायला सवड उरत नाही. भिंगाचा व्यास किती, तिपाई कशी, शिकविणार कोण, हे प्रश्न फ्रँकफुर्टच्या जत्रेतल्या त्या सरदाराने विचारले तसे आपण विचारत नाही. त्याने दुर्बीण हातात घेऊन पाहिली होती. म्हणून त्याला तडा दिसला.

आणि आकाश तर घाई करीतच नाही. खोक्यावर शनीची कडी रुंद आणि झळझळीत छापलेली असतात. पण सुमारे पंधरा वर्षांनी एकदा ती कडी आपल्या बाजूने कडेवर येतात आणि जवळजवळ दिसेनाशी होतात. २०२५ च्या मार्चमध्ये तसे झाले. २०२५ च्या दिवाळीत दुर्बीण घेणाऱ्यांना खोक्यावरच्या चित्राऐवजी शनीच्या पोटातून गेलेली एक बारीक रेघ दिसली असेल. ज्यांना हे कोणी समजावून सांगितले नाही त्यांनी दुर्बीण खराब म्हणून माळ्यावर टाकली असेल. ज्यांना समजले, त्यांना मात्र वर्षागणिक ती कडी उघडताना पाहण्याचा योग आहे.

एक विनंती

तेव्हा वर्गणीचे काय करावे? माझी विनंती अशी. पैसे जमलेत ते तसेच राहू द्यावेत. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत आपल्याकडचे आकाश स्वच्छ असते. या काळात दर महिन्याला तीन संध्याकाळी शाळेची गच्ची उघडावी, तिची किल्ली कोणाकडे हे ठरवावे, आणि एका शिक्षकाने व दोन माजी विद्यार्थ्यांनी नावे द्यावीत. पहिल्या वर्षी नुसते डोळे आणि एखादा बायनॉक्युलर पुरे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांच्या बळावर चालत आली आहे. पुण्याच्याच आयुका संस्थेने आरसे घासून दुर्बीण बनविण्याच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. तेथून कोणाला बोलवावे, आपली दोन मुले शिकायला पाठवावीत. हे वर्षभर टिकले, तर दुर्बीण अवश्य घ्यावी, आणि सूट मिळाली तर तीही घ्यावी. हे टिकले नाही, तर आपण एक कपाट भरण्यापासून वाचलो असे समजावे. २ ऑगस्ट २०२७ रोजी सूर्यग्रहण आहे. आपल्याकडे ते खंडग्रास आणि भर पावसाळ्यातले. त्या वेळीही जाहिराती येतील. १८६८ चे जमखंडीचे ढग त्या वेळी आपण आठवावेत.

गेल्या महिन्यात मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी ती जुनी दुर्बीण घरी नेली. बुरशी बरीच निघाली, थोडे डाग राहिले. तिपाईला नवे स्क्रू बसविले. आज मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी आहे. अर्धा चंद्र वर असेल, आणि त्याच्या पूर्वेला काही अंतरावर शनी. हे व्याख्यान संपल्यावर मी दुर्बीण अंगणात, कडुनिंबापासून जरा दूर, लावणार आहे. दगडांची पिशवी या खेपेस मी बरोबर आणली आहे. मुलांनी आधी यावे, मोठ्यांनी रांगेत मागे उभे राहावे, आणि कोणालाही घाई नसावी.